नागपूर, पुणे की दुबई : एसी मेकॅनिकच्या पगाराचा मी मांडलेला हिशोब

नागपूरच्या श्रद्धानंदपेठेतल्या सरकारी आयटीआयमधून रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा 2 वर्षांचा ट्रेड मी पास केला. मग एक वर्ष अप्रेंटिस, महिना 7,000 स्टायपेंड. त्यानंतर नागपुरातच, सदर नावाच्या भागाकडे, एसी दुरुस्तीच्या एका दुकानात लागलो. पगार 15,000, आणि दिवसाला 4 कामांच्या वर केलं तर प्रत्येक कामाचे 100. ऐकायला बरं वाटलं होतं.

मार्च ते जून हातात 24,000 पर्यंत येत. नवतपाच्या दुपारी मनीषनगरच्या एखाद्या पाचव्या मजल्याच्या गच्चीवर आऊटडोअर युनिट उघडायचं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेला, पाना उन्हात पाच मिनिटं राहिला की हातात धरवत नाही. बाहेर 45 अंश, त्यात कंडेन्सर, म्हणजे खोलीतली उष्णता बाहेर टाकणारा भाग, भिंतीला चिकटवून बसवलेला. गरम हवा तिथंच घुमते, प्रेशर चढतं, कॉम्प्रेसर ओव्हरलोडवर बंद पडतो. घरवाले म्हणतात, गॅस संपला. गॅस पुरेसा असतो, कॉइल धुळीनं बुजलेली असते. ती धुऊन दिली की खोली गार होते. या कामाचा मला मनापासून अभिमान आहे.

पण नोव्हेंबर आला की फोन थांबत. गिझरची थोडी कामं निघत, तेवढ्यात पोट भरत नाही. मालक म्हणायचे, काम नाही तर पगार कुठून देऊ? 4 महिने 9,000 वर काढले. वही काढून बेरीज केली: उन्हाळ्याचे 96,000, पावसाळ्याचे 60,000, हिवाळ्याचे 36,000. वर्षाचे 1,92,000, म्हणजे महिना 16,000. घरी 5,000, पेट्रोल 3,000. उरले 8,000.

तेव्हाच पुण्याहून 22,000 ची ऑफर आली. आयटीआयचा एक मित्र तिथं दोन वर्षांपासून होता. त्याला फोन केला तर म्हणाला, "पगार जास्त हाय रे, पन खोली कोन देते तुले? मेसचे पैसे वेगळे, गाडीचं पेट्रोल वेगळं." त्यानं आकडे सांगितले ते मी तसेच लिहून घेतले: भागीतल्या खोलीचे 6,000, मेसचे 4,000, पेट्रोल 2,500. घरी काही न देता उरतात 9,500. म्हणजे आई-बाबांना सोडून, 700 किलोमीटरवर जाऊन, महिन्याला 1,500 जास्त. दिवाळीला येण्या-जाण्याचा खर्च त्यातूनच.

दुबईचंही पाहिलं. 1,500 दिरहम, राहायची सोय कंपनीची. आकडा मोठा होता. मी दहावी पास, त्यामुळे पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा, शिक्का नव्हता, ती अडचण नव्हती. पण एजंटानं 80,000 रोख मागितले आणि पावती देणार नाही म्हणाला. नोंदणीकृत एजंटाला 30,000 आणि त्यावरच्या जीएसटीपेक्षा जास्त घेता येत नाही, हे मला ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरच्या माहितीतून कळलं होतं. तसं बोललो तर त्यानं फोनच ठेवला. बाबांनी कर्ज काढायची तयारी दाखवली होती. मी नको म्हणालो, आणि आजही ते बरोबरच वाटतं.

मग मला सुचलं की शहर बदलण्यापेक्षा मशीन बदलून बघावं. घरातला स्प्लिट एसी हिवाळ्यात झोपतो. दवाखान्याचं ऑपरेशन थिएटर झोपत नाही, कळमन्याचं कोल्ड स्टोरेज झोपत नाही. पण तिथं स्प्लिटची माहिती पुरत नाही. कोल्ड स्टोरेजला अमोनिया असतो, दवाखान्यात चिलर, म्हणजे पाणी गार करणारं मोठं मशीन, आणि त्या पाण्यावर हवा गार करून खोल्यांत सोडणारं एएचयू. रविवारी एका ओळखीच्या सिनियरसोबत चिलरच्या मेंटेनन्सला फुकट जायला लागलो. कूलिंग टॉवर धुणं, फिल्टरचा प्रेशर ड्रॉप बघणं, पंपाचे अँपिअर लिहिणं. 5 महिने एकही रविवार घरी नव्हतो.

धंतोलीच्या एका दवाखान्यात मुलाखत झाली. मी तिथं तीनच गोष्टी विचारल्या: हिवाळ्यात पगार कापता का, ओव्हरटाइम दुप्पट दरानं का, पीएफ कशावर कापता. साहेब जरा थांबले, मग म्हणाले, लेखी देतो. हे आधीच्या मालकाला पहिल्याच दिवशी का विचारलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

पगार 20,500. पीएफ, ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) आणि व्यवसाय कर जाऊन हातात 18,300. घरी 5,000, पेट्रोल जेमतेम 1,000, कारण आता रोज एकाच जागी जायचं असतं. उरतात 12,300.

जानेवारीचा पगार पूर्ण आला तेव्हा बाबांना पासबुक दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ती एंट्री दोनदा वाचली आणि आईला हाक मारली.