गोल टॉवेलवरचा चतुर

आईने पार्सल फोडलं, टॉवेल झटकून ओटीवर पसरला आणि म्हणाली, "एवढ्या मोठ्या किड्याने अंग पुसायचं? आणि पंख तुटलेत की गं बिचाऱ्याचे!"

किडा म्हणजे चतुर, माझ्याच कॅमेऱ्यातला. त्याचा फोटो मी या गोल टॉवेलवर छापून मागवला होता. शास्त्रीय नाव पँटाला फ्लेव्हेसेन्स. पावसाळा सरत आला की अंगणावर, मैदानावर घोळक्याने घिरट्या घालतात ते पिवळट-केशरी, तेच हे. लहानपणी आम्ही चतुरांच्या शेपटीला दोरा बांधायचो. त्याबद्दल आता न बोललेलं बरं.

याचा फोटो मिळवणं म्हणजे ताप. बरेचसे चतुर एका ठरलेल्या काडीवर परत परत येऊन बसतात, तिथे कॅमेरा रोखून थांबलं की काम होतं. हा मात्र दिवसभर हवेतच. टेकला तरी काडीला खाली लोंबकळतो, वाळत घातलेल्या कपड्यासारखा. शेवटी एका सकाळी साडेसहाला परसातल्या वाळक्या काडीवर सापडला. पंखांवर दव, त्यामुळे उडायची घाई नव्हती. मी चिखलात गुडघे टेकून चाळीसेक फोटो काढले.

आता पंख का तुटले, ते. फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. त्यातून पूर्ण गोल काढायचा तर ४००० पिक्सेलचाच निघतो, आणि माझ्या चतुराने पंख तर आडवे, चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेले. छापणाऱ्यांनी एका शब्दाने न विचारता गोल मारला. अर्धी चूक माझीही, गोल वस्तूसाठी चौकोनी डोक्याने फोटो निवडला. दुसऱ्यांदा एक पाऊल मागून काढलेला फोटो दिला, गोल स्वतः आखून. दीड मीटरच्या टॉवेलवर ४००० पिक्सेल म्हणजे इंचाला जेमतेम ६८. पुस्तकात असला फोटो कुणी घेणार नाही, पण टॉवेलच्या लवीवर खपून जातो. डोळ्यांचा तांबूस रंगही उतरलाय. खरा चतुर पंख पसरून सात-आठ सेंटिमीटरचा, इथे सव्वा मीटर.

पाणी मात्र टॉवेल धड टिपत नाही. ही छपाई पॉलिएस्टरवरच बसते. आधी कागदावर छापलेला रंग सुमारे २०० अंशांच्या उष्णतेत वायू होऊन धाग्यात शिरतो, सुती धागा त्याला धरत नाही. त्यामुळे अंग पुसायला आईचा पंचाच बरा. एक आहे, वाळू चिकटत नाही, झटकला की साफ.

ऑक्टोबरात गुहागरला नेला. सुरूच्या झाडांच्या पुढे, कोरड्या वाळूत पसरला. भाचा मधोमध पसरला, चतुराच्या छातीवर. आणि वर पाहतो तर खरेच चतुर, शेकड्यांनी.

हे भारतातून समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात, असं चार्ल्स अँडरसन या मालदीवमध्ये राहणाऱ्या सागरी जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडलं. मालदीवमध्ये अंडी घालायला गोडं पाणी जवळजवळ नाही, तरी दर ऑक्टोबरात तिथे चतुरांचे थवे उतरतात, हे त्यांच्या डोळ्यांत भरलं होतं. गंमत वाऱ्याची आहे. खाली वारा उलटा असला तरी हजार मीटरच्या वर ईशान्येकडून वाहतो, त्यावर हे स्वार होतात. परत येतात ती पुढची पिढी.

माझ्या तोंडावर तेव्हा समुद्राकडूनच वारा येत होता, खारट आणि चिकट. भाच्याने विचारलं, "मावशी, हे आत्ता निघालेत का?" निघालेत की नुसतेच चिलटं खातायत, हे त्यांना विचारायची सोय नाही. तो तासभर उताणा पडून मोजत होता. एकशे बारापर्यंत गेला, मग भूक लागली.

टॉवेल आता ओटीवर असतो. आई त्यावर बसून नारळ खवते. पुढच्या वेळी जास्वंद छापून आण म्हणाली, आणि नीट बघून घे, त्यात किडा नको.