मामांचा खुबा आणि ठिपक्यांचे नंबर

आज खानापूरहून मामांना घेऊन बेळगावला गेलतो, खुब्याचा सांधा पार झिजलाय. डॉक्टरांनी स्क्रीनवर सीटी स्कॅनमधलं हाड गरागरा फिरवून दाखवलं, मांस नाही कातडं नाही! म्हटलं हे वेगळं कसं काढलंय वो? तर सीटीत प्रत्येक ठिपक्याला नंबर असतोय, पाणी 0, हवा उणे 1000, हाड शेकड्यात, हाडाचे मोठे नंबर तेवढे ठेवले की बाकी गायब. पण झिजलेल्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोळा आणि तो बसतो ती वाटी चिकटल्यागत दिसतात आणि काँप्युटर फसतोय, मग माणूसच बसून माउसनं रेघ ओढतोय (हे मला लई आवडलं). कृत्रिम वाटीचं माप ऑपरेशनच्या आधीच ठरवायला हा खटाटोप. मामांनी सगळं ऐकून मराठी-कन्नडात एवढंच विचारलं, "भात लावायला नडीतीनेन्री?" (म्हणजे चालीन काय?)