रॅम्पवर पेटणारा दिवा

चेक इंजिनचा दिवा कायम पेटलेला असेल तर आमचं काम सोपं असतं. दोन दिवस पेटून आपोआप विझणारा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा उगवणारा दिवा मात्र घाम काढतो.

लालबागला आमचं गॅरेज आहे. लोअर परळच्या एका टॉवरमध्ये राहणाऱ्या प्राध्यापक मॅडम अशीच एक गाडी घेऊन आल्या. पेट्रोल गाडी, बीएस-४ ची, फारशी न चाललेली. "दोन ठिकाणी दाखवली. एकांनी सेन्सर बदलला, दुसऱ्यांनी दिवा घालवून दिला. तरी परत येतोच. दादा, विकून टाकू का हो?"

दिवा घालवणं म्हणजे स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला बिघाडाचा कोड उडवणं. या प्रकाराचा मला मनापासून राग येतो. कोड उडवला की त्याच्यासोबत फ्रीज फ्रेमही जाते. बिघाड नोंदला त्या क्षणी वेग किती होता, आरपीएम किती, कूलंट किती गरम, हे गाडीचा कॉम्प्युटर त्या फ्रेममध्ये टिपून ठेवतो. अधूनमधून होणारा बिघाड गॅरेजमध्ये सहसा दिसत नाही. तेव्हा त्या वेळचा साक्षीदार एकच, आणि तोच पुसून टाकायचा? दिवा विझला म्हणजे बिघाड गेला असंही नसतं. गाडीच्या लागोपाठ तीन फेऱ्यांत कॉम्प्युटरची स्वतःची चाचणी नीट पार पडली की दिवा विझतो. कोड आत राहतो, साधारण ४० वेळा थंड इंजिन तापेपर्यंत.

या वेळी दिवा ताजा होता, हे नशीब. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला. पी०१०७, म्हणजे मॅप सेन्सरचा (इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला दाब मोजणारा) व्होल्टेज कमी. आधी बदलला होता तो हाच सेन्सर. पण आत आणखी एक जुना कोड पडून होता, पी०५३२, एसीच्या गॅसचं प्रेशर मोजणाऱ्या सेन्सरचा. त्यामुळे दिवा पेटत नव्हता, म्हणून त्याच्याकडे कुणी बघितलंच नसावं. एक सेन्सर इनटेक मॅनिफोल्डवर, दुसरा पुढे एसीच्या पाइपवर. दोघं एकदम खराब कशाला होतील? वायरिंगचा नकाशा उघडला, तर दोघांना ५ व्होल्टचा पुरवठा एकाच वायरमधून. थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा, पुरवठा वेगळा होता, म्हणून गाडी बंद न पडता नुसता गचका देऊन पुढे जात होती.

मग फ्रेम वाचली. वेग ताशी ५ किलोमीटर, आरपीएम २२००, कूलंट ३८ अंश. मुंबईत ३८ म्हणजे इंजिन नुकतंच सुरू झालेलं. गाडी जेमतेम हलतेय आणि आरपीएम एवढे, म्हणजे हाफ क्लच. म्हणजे चढ.

"मॅडम, सकाळी गाडी काढताना चढ लागतो का?"

"हो, पार्किंग तळघरात आहे. रॅम्प चढूनच यावं लागतं."

"मग रोज का नाही पेटत?"

त्या जरा थांबल्या. "गेटवर रांग असते ना, शाळांच्या वेळेला, तेव्हाच बहुतेक."

रांग असली की मधेच थांबून, चढावरून गाडी उचलावी लागते. रॅम्प मोकळा असला की सलग वर येतात, काही होत नाही. निम्मं निदान मॅडमकडेच होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आता तोच चढ गॅरेजमध्ये उभा करायचा होता. भाऊ स्टिअरिंगवर बसला. हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, पहिल्या गिअरमध्ये त्याने क्लच किंचित सोडला. मी बाजूला त्या ५ व्होल्टच्या वायरला मीटर धरून होतो (अशा वेळी गाडीसमोर कुणालाही उभं राहू देत नाही). इंजिन मागे कललं, नको तेवढं कललं, आणि मीटर ५.०२ वरून ०.१ वर आला. क्लच दाबला की पुन्हा ५. एसी सेन्सरचा कपलर (वायरिंगचा प्लग) काढला, तरी तेच. मॅपचा काढला, तरी तेच. म्हणजे दोष वायरमध्ये.

इंजिनच्या एका फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं त्या आधाराचं, रबर फाटलेलं होतं. वायरिंगची क्लिप गायब, आणि सगळा जुडगा बॅटरीखालच्या ब्रॅकेटच्या धारेवर टेकलेला. प्रत्येक कलण्यासरशी घासून एका वायरचं प्लास्टिक गेलं होतं. पावसाळी हवेने तांबं हिरवट पडलेलं, पत्र्याला टेकायचं तेवढ्या ठिकाणी चकचकीत. तिथे वायर अर्थ झाली की दोन्ही सेन्सर एकदम उपाशी.

खराब तुकडा कापला, त्याच जाडीची वायर सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली, धार कानशीने घासली, क्लिप लावली. फाउंडेशन नवीन घातलं. ते केलं नसतं तर हीच वायर दुसरीकडे घासली असती. जुना मॅप सेन्सर मॅडमच्या डिकीत होता. तपासला, ठणठणीत निघाला. चांगली वस्तू काढून त्यांचे पैसे घेतले गेले, याचं मला वाईट वाटलं.

पुढच्या सकाळी मुद्दाम शाळेच्या वेळेला त्यांच्या तळघरात गेलो आणि स्कॅनर लावून शेजारी बसलो. रॅम्पवर हवी तशी रांग होती. मॅडमनी मधूनच गाडी उचलली, इंजिन कण्हलं, पण मॅपचा आकडा एकदाही खाली पडला नाही. गेटबाहेर मी उतरलो, त्या तशाच कॉलेजला गेल्या.