कुत्री-मांजरंच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इंग्रजीच्या शिकवणीला दर जूनमध्ये कुणीतरी विचारतंच: ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणजे मुसळधार पाऊस पडतोय, हे कळलं. पण कुत्री-मांजरंच का?

यावर एक गोष्ट फिरते. म्हणे पूर्वी इंग्लंडात घरं गवतानं शाकारलेली असत, कुत्री-मांजरं उबेला छपरात झोपत, आणि जोराचा पाऊस आला की निसरड्या गवतावरून बदाबदा खाली पडत. ही लोणकढी १९९९ मध्ये ईमेलवरून जगभर गेली. मी कोकणातली, आमच्या गोठ्याला गवताचंच छप्पर होतं. नीट शाकारलेल्या गवतावर पाणी ठरत नाही, पागोळ्यांनी ओघळून जातं. आणि आमची मांजर पहिला थेंब पडायच्या आत चुलीपाशी. छपरावर भिजत बसायला ती काय खुळी होती?

छापील पुरावा मात्र आहे. हेन्री व्हॉन या वेल्श कवीनं १६५१ मध्येच कुत्र्या-मांजरांचा पाऊस पाडलाय. आजच्या रूपात हा प्रयोग जोनाथन स्विफ्ट या इंग्रजी लेखकाच्या १७३८ च्या पुस्तकात येतो. बड्या लोकांच्या गुळगुळीत गप्पांची टर उडवणारं पुस्तक ते, म्हणजे तेव्हाच वापरून वापरून झिजलेला असणार! याच स्विफ्टनं १७१० मध्ये लंडनच्या पावसावर कविता केली होती. तीत गटारं तुंबून वाहतात आणि लोंढ्यातून बुडालेली पिल्लं, मेलेली मांजरं, सलगमचा पाला असं सगळं येतं. काही जण म्हणतात, उगम इथेच. पण व्हॉन तर साठेक वर्षं आधीचा!

मला विचाराल तर यामागे गोष्टच नसावी. नुसती अतिशयोक्ती. वेल्श माणूस म्हणतो, म्हाताऱ्या बायका आणि काठ्या पडतायत. आपण तरी काय म्हणतो? मुसळधार. टोकाला लोखंडी कडं घातलेलं ते जाडजूड लाकूड, आजी दोन्ही हातांनी उचलायची, तेवढ्या जाडीच्या धारा! ती मुसळं आभाळात कुठून आली, हे कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षी एका मुलानं वहीत ‘इट इज रेनिंग पेसल्स’, म्हणजे मुसळं पडतायत, असं लिहून आणलं. मी खाली लाल शाईनं ‘पोअरिंग’ लिहिलं. बोलताना तुम्हीही तेवढंच म्हणा. कुत्री-मांजरं आता फार पुस्तकी वाटतात.