अ‍ॅसिड नेऊ नका, पाणी न्या : बेळगाव कॅम्पातल्या जुन्या दफनभूमीतले तीन दिवस

"पावसानंतरचं थोडं गवत काढायचंय, दोन तासांचं काम," असा निरोप होता. हत्यारं तिथंच मिळतील आणि पाण्याला नळ आहे, असंही सांगितलं होतं. आम्ही सहा जण सकाळी सातला पोचलो तर एक मोडकं खुरपं, कोरडा नळ आणि मागच्या भिंतीलगत डोक्यावरून जाणारी घाणेरीची काटेरी झुडपं. दोन तासांच्या कामाला तीन दिवस लागले. हात अजून सोललेले आहेत. पुढच्या रविवारी जाणाऱ्यांचे असे हाल होऊ नयेत म्हणून लगेच लिहिते आहे.

पुढच्या रांगांत नुसतं गाजरगवत, ते एका सकाळीत निघालं. जीव काढला तो मागच्या तीन रांगांनी. तिथं घाणेरी उपटायला जाऊच नका. तिची मुळं थडग्याच्या विटांच्या सांध्यांत शिरलेली असतात. ओढलं की चिरासुद्धा हलतो. आमच्याकडून पहिल्याच तासात एक कोपरा असा निखळला, त्याची रुखरुख जात नाही. बुंध्याशी कोयत्यानं कापा, मूळ आत राहू द्या. पिंपळाचं रोप असेल तरी तेच. कापण्याआधी काठीनं झुडूप बडवून घ्या, दुसऱ्या दिवशी आतून फुरसं निघालं. गुडघ्यापर्यंतचे गमबूट नसतील तर मागे जाऊ नका.

राखणदार मामा नसते तर माझा पाय मोडलाच असता. "अक्का, तिकडं पाय ठेवू नकोसा, आत पोकळ हाय," असं ते ओरडले. खाली विटांची कमान असते आणि माती खचून ती उघडी पडते. पाऊल टाकायच्या आधी पहारीनं ठोकून बघा, आवाज भरीव आला तरच पुढं.

सगळ्यात संताप आला तो एका पांढऱ्या संगमरवरी दगडापाशी. आमच्या आधी आलेल्या कुणीतरी तो फरशीच्या अ‍ॅसिडनं 'चकचकीत' केला होता. संगमरवर म्हणजे चुनखडीचाच दगड, अ‍ॅसिडनं तो विरघळतो. हात फिरवला तर बोटाला साखरेसारखी भुकटी लागली आणि नाव कायमचं गेलेलं. शेजारच्या दगडावरची शिशाची अक्षरं गळून पडली होती, पण ती बसवायला पाडलेली बारीक भोकं शाबूत होती. सकाळच्या तिरप्या उन्हात ती भोकं जोडत जोडत आम्ही वाचलं : वय 23, कॉलरा. लढाई नाही, कॉलरा. त्या पोराच्या आईला हा दगड कधी बघायलाही मिळाला नसेल.

म्हणून सांगते : साधं पाणी, मऊ ब्रश आणि बांबूची कामटी, एवढंच. तारेचा ब्रश, ब्लीच, साबणाची पावडर घरी ठेवा. शेवाळ भिजवून दहा मिनिटं थांबा, मग खालून वर घासा. हललेला चिरा सिमेंटनं बसवू नका. सिमेंट पाणी आत कोंडतं आणि जुनी वीट फुटते. चुना लागतो, आणि तो बसवणारा गवंडीही. अक्षरं वाचायला खडू घासू नका, आरशानं बाजूनं उजेड पाडा.

माझी आत्या विचारते, "गोऱ्यांच्या थडग्यांची झाडलोट तू का करतीस?" एक तर सगळी गोऱ्यांची नाहीत. दुसरं, आपल्या मराठा पलटणीतल्या, परदेशात पडलेल्या बऱ्याच जवानांना तिथंच अग्नी दिला गेला, त्यामुळे त्यांची नावं परदेशातल्या स्मारकांच्या भिंतींवर आहेत. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या यशवंत घाडगे यांचं नाव इटलीत कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे. तिथं कुणीतरी परका माणूस ते पुसून स्वच्छ ठेवतो. राष्ट्रकुलाचा युद्धसमाधी आयोग फक्त 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 आणि 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळातल्या मृत सैनिकांकडे बघतो. त्याआधी कॉलऱ्यानं गेलेला पोरगा किंवा पेन्शनीत वारलेला म्हातारा सुभेदार त्यात बसत नाही. त्यांना आपणच.

पैशाचं. काटेरी पाला उचलायला टेम्पो ठरवला, बोली 600 ची. भरून झाल्यावर "काटे आहेत, 1500 द्या" म्हणून अडून बसला. शेवटी 1200 दिले. भाडं ठरवताना माल दाखवून, खेपा मोजून ठरवा. पाला भरायला घेतलेल्या मजुरांनी मात्र एक पैसा जास्त घेतला नाही.

चौथ्या दिवशी खानापूरवरून नंदगडला, इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीला गेलो. 1831 मध्ये त्यांना तिथंच फाशी दिली. जागा नीट राखलेली आहे, नमस्कार करून परतलो.

जाणार असाल तर परवानगी लेखी घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा. कॅम्प लष्कराचा आहे, फोटोआधी विचारा. डिसेंबर-जानेवारी बरा, पावसात अजिबात नको. पाणी माणशी 20 लिटरचा एक कॅन, पिण्याचं वेगळं. सहा जणांत मागची एकच रांग पुरी झाली, दोन बाकी आहेत. निखळलेला कोपरा मी गोणपाटात गुंडाळून मामांच्या खोलीत ठेवलाय. कुणाच्या ओळखीत चुन्याचं काम करणारा जुना गवंडी असेल तर आधी त्याला घेऊन या.