शेऱ्याचा रकाना

मार्चचा पहिला आठवडा होता आणि कारखान्यांचे गळीत संपत आले होते. शाळाबाह्य मुलांची शोधमोहीम चालू असल्यामुळे सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात मी केंद्रप्रमुख असलेल्या शाळांच्या केंद्रातील वाड्या-वस्त्या मी एका शिक्षकाला बरोबर घेऊन दुचाकीवरून पालथ्या घालत होतो. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापुरता असला, तरी आमच्या हातातला तक्ता तीन ते अठरा वयोगटाचा होता. त्यात मुलांचे दोनच प्रकार होते: शाळेत कधीच दाखल न झालेली आणि मध्येच शाळा सोडलेली. सगळ्यात शेवटी शेऱ्याचा एक अरुंद रकाना होता आणि त्यात ‘निरंक’ लिहून मोकळे होण्याचा रिवाज होता.

सकाळी पहिले घर लागले ते भिलवडीच्या पुढे नदीकडेच्या मळ्यात. पुण्यातील नोकऱ्या सोडून गावाकडे शेती करायला आलेले जोडपे, पंधरा वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा. दोन्ही मुले शाळेत कधीच गेली नव्हती. घरीच शिकत होती, आणि आईवडील ते लपवीतही नव्हते. मुलाने ठिबकच्या नळीखाली वाट्या ठेवून, घड्याळ लावून प्रत्येक तोटीतून किती पाणी पडते ते मोजले होते, नळीच्या टोकाकडे पाणी कसे कमी होत जाते याचा आलेख काढला होता आणि सरासरी काढताना बंद पडलेल्या तोट्या धराव्यात की नाही यावर वडिलांशी वाद घातला होता. मी त्याला दहा ओळींचे शुद्धलेखन घातले, तेव्हा मात्र ऱ्हस्व-दीर्घाचा पार चुराडा झाला. (तशा चुका आमच्या शाळांतही होतात, आणि आम्हाला तक्ते पाठवणाऱ्या कार्यालयातही.) त्याच्या वयाची मुले आसपास कुठे दिसली नाहीत, तेही मी वहीत नोंदवले. मला त्या घरात आवडलेल्या गोष्टी पुष्कळ होत्या, पण ही एक खटकली.

मुलगी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक (दहावीच्या) परीक्षेचा अभ्यास करीत होती. त्या परीक्षेला चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणून आदल्या वर्षी वाढदिवस होताच तिने नाव नोंदवले होते. मी तक्ता उघडून तिचे नाव विचारले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “सर, कायदा चौदापर्यंत आहे ना? मग माझं नाव तुम्ही कोणत्या कायद्यानं लिहिताय?”

मी वरिष्ठांच्या पत्राचा दाखला दिला. तिचे म्हणणे बरोबर आहे हे मला माहीत होते, आणि मला माहीत आहे हे तिलाही कळले असावे.

वडिलांची काळजी पुढची होती. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते अठरा वयाच्या सर्व मुलांच्या शिक्षणाचा विचार आहे. उद्या कायदाच अठरापर्यंत नेला तर आपल्या धाकट्याचे काय, असे ते विचारीत होते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१-क मध्ये पालकांचे जे कर्तव्य घातले, ते मुलाला शिक्षणाची संधी देण्याचे आहे. २००९ च्या कायद्याच्या कलम १० मध्ये मात्र ते मुलाला शाळेत दाखल करण्याचे झाले. हे कर्तव्य मोडणाऱ्या पालकाला कायद्यात शिक्षा नाही, म्हणून यांच्यासारख्यांचे आजवर निभावले. “इंग्लंडमध्ये २०१५ साली शिक्षणात किंवा प्रशिक्षणात राहण्याचं वय अठरापर्यंत गेलं,” ते म्हणाले, “पण तिथल्या कायद्यात ‘शाळेत किंवा अन्य प्रकारे’ असे शब्द आहेत, म्हणून घरी शिकणाऱ्यांना धक्का लागला नाही. आपल्याकडे ते चार शब्द नाहीत, सर. वय तेवढं वाढवलं, तर आणखी चार वर्षं आम्ही चोर ठरणार.”

मी चहा घेतला आणि दोन्ही मुलांची नावे ‘कधीच दाखल न झालेली’ या रकान्यात लिहिली. दुसरा रकाना नव्हताच.

दुपारी ऊसतोड मजुरांच्या तळावर गेलो. बीड जिल्ह्यातून आलेली टोळी परतीच्या तयारीत होती. कोपीच्या, म्हणजे मजुरांच्या झोपडीच्या, तोंडाशी नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला घेऊन बसली होती. स्थलांतर करणाऱ्या मुलांना मूळ शाळेकडून मिळणारे शिक्षण हमी कार्ड तिच्याजवळ नव्हते, दाखलाही नव्हता. ऐन मार्चमध्ये, कागदाविना आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही, म्हणून जवळच्या शाळेत तिचे नाव त्याच दिवशी घातले. तिथे कायदा स्पष्ट होता आणि काम पाऊण तासात उरकले.

तिचा मोठा भाऊ पंधरा वर्षांचा. आठवी झालेली. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. हा एकटा, म्हणजे अर्धा कोयता. त्याच्या नावावर टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली होती. शाळेचा विषय काढला, तेव्हा वडील म्हणाले, “सायेब, त्याची शाळा झाली की. आठवी पास हाय त्यो.” मी काय उत्तर देणार? चौदा संपले की शिक्षणाचा हक्क संपतो, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतरही बालकामगार कायदा चौदा ते अठरा वयाच्या मुलांना केवळ धोकादायक कामांपासून अडवतो. त्या पोराच्या डाव्या हाताच्या बोटावर पाल्याने कापल्याच्या आडव्या-तिडव्या रेघा होत्या. वय अठरापर्यंत वाढवलेच पाहिजे, असे त्या क्षणी मला वाटले आणि आजही वाटते. सकाळी मळ्यात मान डोलावून ऐकलेला युक्तिवाद त्या कोपीपुढे मला जरा सुखवस्तू वाटू लागला.

तिसरे घर आमच्याच गावातले, बऱ्या परिस्थितीतले. तिथल्या मुलीने दिवाळीनंतर शाळा सोडली होती. बोनाफाईडप्रमाणे तिचे वय सोळा वर्षे दोन महिने. आईने दारातच सांगितले, “ती घरीच शिकतीया, गुरुजी. सतरा नंबरचा फारम भरून बाहेरनं दहावी देणार हाय.” सकाळच्या घराने माझे मन वळवलेले होते, त्यामुळे मी हे ऐकून घेतले आणि जवळजवळ उठलोच होतो. सवयीने तेवढी पुस्तके बघायला मागितली. आईने आतून थोरल्या भावाचे आठवीचे विज्ञानाचे पुस्तक आणून दिले. तेवढ्यात मुलगी पाणी घेऊन आली. तांब्या नवाकोरा होता आणि त्यावर नाव घातलेले होते. सुरुवातीची अक्षरे मला नीट वाचता आली: चि. सौ. कां.

मी पाणी प्यालो. मुलीकडे बघण्याचे धैर्य झाले नाही. बाहेर पडून ग्रामसेवकांना फोन केला, कारण गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात. ते संध्याकाळी पोलीस पाटलांना घेऊन गेले, अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असे वडिलांकडून लेखी घेतले, आणि त्या घराने माझ्याशी बोलणे टाकले.

रात्री तक्ता भरायला बसलो. ‘घरी शिकते’ हे दोन शब्द मी त्या दिवशी दोनदा ऐकले होते. एका घरात ते खरे होते आणि दुसऱ्या घरात त्यांच्याआड लग्न लपवलेले होते. घरी शिकणाऱ्यांना सरसकट सूट द्यावी असे म्हणायची माझी हिंमत उरली नाही. सरसकट बंदी घालावी असेही वाटेना. लागून असलेल्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळी गावात शिक्षण म्हणजे शाळाच होती, त्यामुळे दंड कोणाला करायचा हा प्रश्न सोपा होता. आज वय वाढवायचे असेल तर घरी शिकणाऱ्या मुलाची नोंद असावी, आणि वर्षातून दोनदा कोणीतरी त्या घरी जाऊन मुलाशी आईवडिलांच्या देखत आणि त्यांच्यामागेही बोलावे. मळ्यातल्या मुलीला त्या भेटीचे काही वाटले नसते, आणि तांब्यावर नाव घालण्यापूर्वीच दुसऱ्या घरात कोणीतरी पुस्तके मागितली असती.

हे सगळे मी शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात, समासापर्यंत जाऊन लिहिले. चौथ्या दिवशी वरून फोन आला, “शेरे काढून टाका, नुसती संख्या द्या.” मी संख्या दिली.

जूनमध्ये एका वस्तीशाळेची तपासणी होती. पट एकोणीस. वीसच्या आतल्या शाळा बंद होणार अशी चर्चा जोरात होती आणि मुख्याध्यापक काळजीत होते. ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो तर पट वीस झाला होता. विसावे नाव मळ्यातल्या त्या मुलाचे होते आणि त्याच्यापुढे रोजची हजेरी लागलेली होती. वर्गात तो नव्हता. मी मुख्याध्यापकांकडे पाहिले. ते म्हणाले, “साहेब, वडील स्वतः येऊन नाव घालून गेले. त्यांचंही भागलं, आमचंही भागलं.”

येताना मळ्याच्या कडेला तो मुलगा मला दिसला होता, हातात वही घेऊन पाण्याच्या मीटरजवळ बसलेला. हजेरीपत्रकावर त्या दिवशीच्या तारखेखाली तो हजर होता. मुख्याध्यापकांनी पेन पुढे केले आणि मी तपासणीची सही केली.