पैसे खिडकीचे, दर्शन भिंतीचं: नागपूर-मुंबई विमानप्रवास

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून सकाळचं मुंबईचं विमान, ऑक्टोबरचं धुतलेलं आभाळ आणि वेब चेक-इन करताना जादा पैसे मोजून घेतलेली ११ ए, म्हणजे डावीकडची खिडकीची सीट. सीटच्या नकाशावर खिडकी होती. विमानात जाऊन बघतो तर पांढरी प्लॅस्टिकची भिंत! मान पिरगाळली की मागच्या माणसाच्या खिडकीचा चतकोर तुकडा दिसायचा, तोही त्याने झडप ओढेपर्यंत. हवाईसुंदरीला विचारलं तर म्हणे, "सर, साइड तर विंडोचीच आहे ना!" लुटा राजेहो. नंतर मेल केला, उत्तर आलं की बाहेरच्या दृश्याची हमी कंपनी देत नाही.

यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. विमान बोइंग ७३७ होतं. त्यात पंखाच्या थोडं पुढे, एसीची हवा वर नेणारे पाइप भिंतीतून जातात, म्हणून तिथे खिडकीच बसवत नाहीत. कंपनी कुठलीही असो, जागा साधारण तीच, ओळीचा नंबर तेवढा एखाददुसऱ्याने सरकतो. तेव्हा तिकिटावर ७३७ दिसलं तर डावीकडच्या १० ते १२ ओळींना हात लावू नका. एअरबस ए३२० ची भानगड वेगळी. खिडक्या साधारण २१ इंचांवर आणि सीटच्या ओळी २८ ते ३० इंचांवर, मग जुळणार कसं? काही ओळींत खिडकी थेट खांद्यामागे जाते.

३ ते ७ या ओळी घ्या. ९ च्या पुढे विशीपर्यंत पंखच बघत बसाल. शेवटच्या ओळी चालतात, पण इंजिनाच्या गरम हवेने फोटो थरथरलेले येतात.

आता डावीच बाजू कशाला? लोणारच्या विवरातल्या सरोवरासाठी. नागपूर-मुंबई सरळ रेघ ओढली तर लोणार तिच्या दक्षिणेला, तीसेक किलोमीटरवर येतं. म्हणजे जाताना डावीकडची ए, येताना उजवीकडची एफ. जाताना उड्डाणानंतर अर्ध्या तासाच्या आतच डोळे लावून बसा. वाट थोडी इकडेतिकडे वळवली किंवा खाली ढग असले तर गेलं. विवर जवळपास १.८ किलोमीटर रुंद, पण तेवढ्या उंचीवरून नखाएवढं दिसतं. पुढे डावीकडेच जायकवाडीचं पाणी येतं, ते चुकत नाही. कळसूबाई-भंडारदऱ्याचे डोंगर उजवीकडे असतात, ट्रेकवाल्यांनी तिकडे बसावं. आपण विदर्भातले, आपल्याला लोणार.

आणि मला दिसलं! परतीला ५ एफ मिळाली, तीही फुकटात. काचेत मुद्दाम ठेवलेल्या बारीक भोकाभोवती बर्फाचे काटे धरले होते, त्यांच्या बाजूने खाली बघितलं तर गोल हिरवी कड आणि आत काळपट पाणी. शेजारचे काका झोपले होते, त्यांना उठवून दाखवलं. मुंबईतले दिवस बरे गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

फोटोसाठी मोबाइल काचेजवळ धरा, टेकवू नका, नाहीतर थरथर फोटोत उतरते. चकाकी कमी करणारा पोलराइज्ड फिल्टर लावला असेल तर काढून ठेवा, विमानाच्या काचेवर त्याने इंद्रधनुषी पट्टे उमटतात. त्याच जातीच्या गॉगलनेही तेच होतं. हिवाळ्यात दुपारचं विमान घेतलं तर दक्षिणेचं ऊन सरळ तोंडावर येतं, म्हणून सकाळचंच घ्या.

नागपुरात उतरताना कुठली बाजू, हे वाऱ्यावर ठरतं. वायव्येकडून उतरलं तर अंबाझरी आणि शहर डावीकडे, आग्नेयेकडून उतरलं तर शहर उजवीकडे. आधी कळायला मार्ग नाही, त्यासाठी पैसे घालवू नका.

एप्रिल-मेमध्ये धुळीने सगळं मळकट दिसतं. जुलै-ऑगस्टात जाणार असाल तर खिडकीचा नाद सोडा, फुकटातली मधली सीट घ्या आणि झोप काढा. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, तेवढ्यातच खिडकीला पैसे द्यायचे.